बॉनेटखालचा जीर्णोद्धार

इतिहासाच्या अभ्यासकाकडे लोक कशासाठी येतात याचा एक ठोकताळा असतो. कोणी घराण्याची वंशावळ घेऊन येतो, कोणी वतनाचा मोडी कागद वाचून मागतो, कोणी शेतात सापडलेले नाणे रुमालात बांधून आणतो आणि ते सोन्याचे नाही एवढे कळताच त्याला आमचाही कंटाळा येतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र शिरपूरकडचा एक तरुण आमच्याकडे मोटारीचा प्रश्न घेऊन आला. "हाई गाडी मना आजानी शे, नाना," असे त्याने अहिराणीत सुरू केले आणि मग आमच्या टेबलावरची पुस्तके पाहून की काय, एकदम पुस्तकी मराठीवर आला.

गाडी १९६७ सालची, फियाट ११०० डिलाइट. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, आणि पुढची वीस-बावीस वर्षे ती खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कडबा आणि कोंबड्या यांच्या संगतीत उभी होती. नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. बाहेरच्या रंगाबद्दल घरात वाद नव्हता. वाद होता बॉनेटखाली काय करावे याचा. मुंबईच्या एका जाणत्या स्नेह्याने त्याला बजावले होते की कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशीच हुबेहूब झाली पाहिजे, एक स्क्रूही वेगळा चालणार नाही. उलट त्याच्या मावसभावाचे म्हणणे असे, की गाडी तुझी, पैसा तुझा, बॉनेट उघडले की बघणाऱ्याने तोंडात बोट घातले पाहिजे. आतली बाजू काळी कुळकुळीत कर, टॅपेट कव्हरला क्रोम चढव, प्लगच्या वायरी लाल घाल. "मूळ ठेवू का मनासारखं करू?" असे त्याने आम्हांस विचारले. मोटारीतले आपणांस काही कळत नाही, असे आम्ही सांगून पाहिले. त्यावर तो म्हणाला, "जुन्याचं काय ठेवावं आणि काय नाही, हे धुळ्याला नाही कळायचं तर कुठं कळायचं?"

या वाक्यापुढे आम्ही निरुत्तर झालो. कारण प्रश्न खरोखरच आमच्या घरचा होता.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी पाहायला गेलो. बॉनेट वर केले तेव्हा आत पन्नासाहून अधिक वर्षांचे थर दिसले. रेडिएटर दोन ठिकाणी डाख दिलेला. वायरींवर कुठे कापडी वेष्टन, कुठे साधी घरगुती चिकटपट्टी. डायनॅमो कोणीतरी केव्हातरी पुन्हा भरून घेतलेला. मडगार्डच्या आतल्या बाजूस हिरवट रंग, त्यावर करडा, त्यावर काजळी आणि तेल. आणि रेडिएटरच्या शेजारी, लोखंडी पट्टीत घट्ट बसवलेला, चंबूच्या घाटाचा एक पितळी डबा. तो काय आहे, हे आम्हांस कळेना. मग घरातल्या आजीने सांगितले. आग्रा रोडने इंदूरकडे जाताना बिजासनच्या घाटात पाणी उकळे आणि बाहेर फेकले जाई. ते वाया जाऊ नये, या डब्यात साठावे, इंजिन निवले की परत रेडिएटरात ओतावे, म्हणून आजोबांनी सोनगीरच्या तांबटाकडून तो करून घेतला होता. आतून कल्हई केलेली होती. मोटारीच्या पाण्याला कल्हईची काय गरज, असे कोणी विचारील. पण तांबटाला भांडे म्हटले की कल्हई आलीच.

आता गंमत पाहा. मूळचा आग्रह धरणाऱ्या स्नेह्याच्या मते हा डबा काढून टाकायला हवा, कारण तो कारखान्याचा नव्हे. आवडीचा आग्रह धरणाऱ्या मावसभावाच्या मतेही तो काढून टाकायलाच हवा, कारण तो गावठी दिसतो. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष या एका डब्यावर एक झाले होते. आम्हांस तिथेच शंका आली की दोन्ही पक्षांत काहीतरी चुकते आहे.

'मूळ' हा शब्द आपण फार सहज वापरतो. या गाडीचे मूळ कोणते? ट्युरिनचे, कुर्ल्याचे, की शिरपूरचे? तिच्या इंजिनापासूनच सुरुवात करू. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर फेऱ्याचे हे इंजिन फियाट कंपनीने १९३७ साली आपल्या ५०८ सी या गाडीत बसवले. १९५३ साली दांते जाकोसा या अभियंत्याच्या आखणीतली नवी ११०० जगापुढे आली, तेव्हा बॉडी सर्वस्वी नवी होती; इंजिन जुन्याच कुळातले, सुधारलेले. तेच कूळ पुढे आपल्याकडे पद्मिनीच्या बॉनेटखाली २००० सालाच्या सुमारास गाडी बंद होईपर्यंत नांदले. दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या आराखड्याचे इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीस दादरच्या टॅक्सीस्टँडवर घरघरत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे 'मूळ' या शब्दाचे ओझे कळते.

मग कुर्ला. या कारखान्याचा संस्थापक आपल्या भागाला परका नाही. मालेगावजवळच्या रावळगावची साखर आपण खाल्ली, तिथल्या गोळ्या चघळल्या. तो कारखाना १९३३ साली काढणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मोटारीचा कारखाना काढण्याची त्यांची खटपट त्याच्याही आधीची, युद्ध सुरू होण्याच्या सुमाराची. पण परकीय सरकारने ती युद्धकाळात पुढे जाऊ दिली नाही. त्या काळात वालचंदांनी बंगळूरला विमानांचा आणि विशाखापट्टणला जहाजांचा कारखाना काढला, मोटार मात्र राहून गेली. १९४७ मध्ये कुर्ल्याहून क्रायस्लर कंपनीच्या बनावटीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही ट्रकची नावे आग्रा रोडवरच्या जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी पुष्कळ वर्षे होती, ती या कारखान्यामुळे.

त्यानंतरचा भाग महत्त्वाचा आहे. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे गाडीचे भाग इथेच बनवण्याचा क्रमशः कार्यक्रम आहे, त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसते खोक्यातून सुटे भाग आणून जुळवणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. १९२८ पासून शिवडीला जुळवणी करणारी जनरल मोटर्ससारखी बलाढ्य कंपनीही त्या सुमारास गेली. कुर्ल्याचा कारखाना राहिला आणि त्याने फियाटशी करार करून ११०० हाती घेतली. पण राहिला याचा अर्थ असा, की दर वर्षी परदेशी भागांची संख्या कमी करायची आणि देशी भागांची वाढवायची. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची चणचण लागली आणि ही सक्ती आणखी कडक झाली. बंगळूरच्या मायकोचे प्लग आले. १९६१ नंतर मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचे विजेचे सामान आले. आज इटालियन, उद्या देशी, परवा जे गोदामात असेल ते. म्हणून १९६७ साली एकाच महिन्यात कुर्ल्याहून निघालेल्या दोन गाड्यांच्या बॉनेटखाली प्रत्येक खिळामोळा सारखाच असेल, अशी हमी आम्ही तरी देणार नाही. टंचाई हा त्या गाडीचा एक घटक होता, जसा लोखंड हा घटक होता.

एकच 'मूळ' धरून सगळे त्याच्याशी जुळवणाऱ्या जाणत्यांना आम्ही नम्रपणे सांगू की तुम्ही ज्याला मूळ म्हणता, ते बहुधा इटालियन छापील पुस्तकातले चित्र असते. त्या चित्रासारखी गाडी भारतात कधी जन्माला आलीच असेल असे नाही.

ही चूक आमच्या विद्येत जुनी आहे. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक नावाचा मोठा वास्तुविशारद होऊन गेला. त्याने जुनी चर्चे आणि किल्ले दुरुस्त केले आणि आपल्या वास्तुकोशात मोकळेपणाने मान्य केले की जीर्णोद्धार म्हणजे वास्तू अशा पूर्णावस्थेला नेणे, की जी कदाचित कोणत्याही एका काळी अस्तित्वातच नव्हती. इंग्लंडात रस्किनने १८४९ मध्येच याच्या उलट टोकाचे लिहून ठेवले होते: जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा संपूर्ण नाश, आणि वर खोटेपणा. या दोघांच्या भांडणावर पुढे शतकभर ग्रंथ निघाले. १९६४ च्या मे महिन्यात व्हेनिसला तज्ज्ञांनी जमून एक सनद केली, तिचा मथितार्थ असा की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर जपली पाहिजे. योगायोग असा, की त्याच १९६४ साली कुर्ल्याहून डिलाइट बाहेर पडली आणि त्याच साली दिल्लीत स्टेट्समन पत्राने जुन्या मोटारींची पहिली रॅली भरवली. मोटारींसाठी अशी सनद व्हायला मात्र २०१२ साल उजाडले. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ती केली आणि तिला नाव पडले ट्युरिनचे. तीतही गाभा तोच: गाडीने आयुष्यात जे भोगले त्याच्या खुणा हा तिच्या इतिहासाचा भाग होय.

पण आम्हांस व्हेनिसला जाण्याचे कारण नाही. पांझरेच्या काठी बसून हा प्रश्न तितकाच नीट कळतो. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थांच्या वाङ्मयासाठी जन्म वेचला. दासबोध छापायचा तर गावोगावच्या पोथ्यांतून गोड वाटेल तो पाठ उचलावा, असे त्यांनी केले नाही. डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची प्रत त्यांनी प्रमाण धरली. ती समर्थांनी स्वतः तपासली, असे परंपरा मानते. म्हणजे त्या प्रतीत लेखकाचे शब्द आहेत, शिष्याचे अक्षर आहे आणि गुरूची नजर आहे. यांपैकी कशाला मूळ म्हणायचे आणि कशाला भर? ज्ञानेश्वरीचेही तसेच. १५८४ साली एकनाथांनी तीत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली आणि आपली ओवी यात कोणी घालू नये, असे बजावले. ही ताकीद म्हणजे जीर्णोद्धाराचे मराठीतले पहिले शास्त्र होय, असे आम्ही मानतो. पण खुद्द एकनाथांच्या हातून मूळची भाषा कोठे कोठे त्यांच्या काळाला जुळती झाली असावी, असा संशय पुढे राजवाड्यांना आला आणि मराठवाड्यात मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून १९०९ साली त्यांनी आपली ज्ञानेश्वरी छापली. ज्यांच्या नावाचे मंडळ १९२७ च्या जानेवारीत या शहरात उभे राहिले ते इतिहासाचार्य कागदाच्या बाबतीत किती कठोर होते, हे येथे सांगायला नको. बखरीपेक्षा अस्सल पत्र मोठे, ही दृष्टी त्यांनी महाराष्ट्राला दिली. तरी ज्या पोथीवरून त्यांनी ती ज्ञानेश्वरी छापली, ती पोथी आज अभ्यासकांच्या हाती नाही. शंभर वर्षे त्या आवृत्तीवर चर्चा होते आणि ज्या कागदापाशी वाद मिटावा तो कागदच नाही. राजवाड्यांबद्दल आम्हांस जो आदर आहे तो बाजूला न ठेवता आम्ही हे बोलतो.

आम्ही त्या तरुणाला हे सर्व असेच सांगितले नाही. तो उन्हात उभा होता. त्याला फक्त एवढे विचारले, की आतला करडा रंग आजोबांचा की कुर्ल्याचा? त्याला ठाऊक नव्हते. मग बॅटरी काढली. तिच्या खालचा पत्रा आम्लाने कुरतडला होता, पण पट्टीच्या मागे, जिथे ब्रश कधी पोचला नव्हता, तिथे नखाएवढ्या जागेत हिरवट रंग सापडला. तोच रंग डिकीतल्या गालिच्याखाली आणि दाराच्या कडेला होता. म्हणजे बाहेरून आणि बॉनेटखाली गाडी एकाच रंगाची निघाली होती, त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे. करडा मागाहूनचा. नखाएवढी जागा, पण ती दहा जाणकारांच्या मतापेक्षा मोठी. दुसऱ्या दिवशी मेस्त्री लोखंडी ब्रश घेऊन येणार होता. एक दिवस उशीर झाला असता तर हे कोणालाच कळले नसते.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, जरी ती सांगताना मान खाली जाते. आमच्या वडिलांचीही एक फियाट होती. त्यांना सवय अशी, की गाडीचे काही मोठे काम झाले की बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर बारीक ब्रशने ते लिहून ठेवायचे: हेड उघडले, क्लच प्लेट बदलली, रिंगा टाकल्या, समोर तारीख आणि गावाचे नाव. धुळे, मनमाड, एकदा सेंधवा. पंधरा-वीस ओळी असतील. वडील गेल्यावर आम्ही ती गाडी हौसेने दुरुस्तीस दिली आणि आज्ञा केली की बॉनेटखाली लख्ख झाले पाहिजे. लख्ख झाले. कॉस्टिक सोड्याने धुतले, घासले आणि सगळीकडे रुपेरी रंगाचा फवारा मारला. बॉनेट वर केले तेव्हा त्या ओळी नव्हत्या. कारागिराला बोल लावण्यात अर्थ नाही; त्याने सांगितले ते केले, आणि चोख केले. विद्यार्थ्याने जुन्या कागदावर ओला अंगठा टेकवला तर त्याच्यावर ओरडणारे आम्ही, आमच्याच बापाचे अक्षर मजुरी देऊन पुसून घेतले. त्या ओळींची नक्कल आम्ही कधी करून ठेवली नव्हती, कारण त्या कुठे जाणार, असे वाटे.

याच खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि १२०७ साली निकुंभ राजाने त्याला दान दिले, हे त्या दगडावर कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला आणि त्या थोर गणित्याची वंशावळ जगाला कळली. आपल्या खेड्यापाड्यांत भाविक माणसे वर्गणी काढून हेमाडपंती देवळांना दर दिवाळीस ऑइलपेंटचा हात देतात. पाटणच्या त्या दगडावर तसे चार हात बसले असते, तर भक्तीत काहीच उणे झाले नसते. वंशावळ मात्र गेली असती. मोटारीच्या बॉनेटखाली भास्कराचार्य नसतात, हे आम्हांस समजते. पण पुसण्याची रीत तीच.

मग आवडीला जागाच नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे, असे आमचे मत आहे. येथे आम्ही मूळवाद्यांची साथ सोडतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचेच घ्या. १९७२ नंतर फियाटचा करार संपून हीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघू लागली. तिची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कचेरीत २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. या टॅक्सीच्या छताला रंगीत कापड, आरशाला झेंडूची माळ, डॅशबोर्डवर ज्याचा त्याचा देव, मागच्या काचेवर मुलांची नावे. हे सर्व कारखान्याने दिले नव्हते. उद्या कोणी ते काढून कोरी पद्मिनी संग्रहालयात ठेवील तर ती खरी टॅक्सी असणार नाही. माणसाने वस्तूवर आपली आवड उमटवली, हाही इतिहासच. किंबहुना फियाटसारख्या लाखभर घरांतून वावरलेल्या वस्तूचा तोच मोठा इतिहास.

शिवाय आवड आणि गरज यांत गल्लत होते. धुळ्यात वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर जातो. या गाडीचा पेट्रोल पंप, ज्याला आपले मेस्त्री एसी पंप म्हणतात, इंजिनालाच चिकटलेला असतो. इंजिन तापले की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. गाडी धक्के खाते आणि बंद पडते. जुन्या लोकांना याचा इलाज ठाऊक होता: पंपावर ओले फडके ठेवायचे, पंधरा मिनिटे लिंबाखाली बसायचे. आज कोणी पंपाजवळ उष्णता अडवणारा पत्रा लावला किंवा रेडिएटरपुढे विजेचा जादा पंखा बसवला, तर त्याला भ्रष्टाचार म्हणणाऱ्याने मे महिन्यात एकदा मालेगावपर्यंत ओले फडके घेऊन जाऊन यावे. मात्र पंख्यासाठी पत्र्याला नवी भोके पाडू नयेत. असलेल्या बोल्टांवर पट्टी बसते, आणि उद्या काढता येते. क्रोमचे टॅपेट कव्हर हवे तर जरूर घालावे, पण दुसरे विकत आणून. मूळचे घासून त्याच्यावर क्रोम चढवू नये. मूळचे कागदात गुंडाळून, तेलाचा हात देऊन माळ्यावर ठेवावे. लाल वायरी घातल्या तर जुन्या फेकू नयेत. ज्या आवडीला परतीची वाट आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही.

सरकारी नियमही येथे ध्यानात घेतला पाहिजे, कारण तरुणाला तो हवा होता. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, खाजगी वापराची गाडी मूळ स्वरूपात असेल, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. म्हणजे कायद्याच्या पोटातही 'मूळ' हा शब्द येऊन बसला आहे, आणि तो मोजणार कोण, तर सामान्यतः ट्रक-ट्रॅक्टर पाहणारा अधिकारी. त्याला इंजिन क्रमांक पुसलेला दिसला तर क्रोम किती का चमकेना. आम्ही तरुणाला सांगितले, की इंजिनावरचा आणि चासीवरचा क्रमांक, आणि कारखान्याची पाटी, यांना ब्रश लावण्यापूर्वी फोटो काढ, आणि रंगाऱ्याला तेवढ्या जागेवर कागद चिकटवायला लाव.

तेवढ्यात त्याने डब्याचा विषय काढला. डब्याचे काय? मुंबईचे स्नेही काढायला सांगतात, भाऊही काढायला सांगतो. आम्ही म्हणालो, की बाबा, या गाडीसारख्या डिलाइट कुर्ल्याहून हजारो निघाल्या. प्रत्येकीला तेच टॅपेट कव्हर होते. सोनगीरच्या तांबटाने केलेला डबा किती गाड्यांत असेल? तो काढलास तर तुझी गाडी कुर्ल्याची एक गाडी होईल. राहू दिलास तर ती आग्रा रोडची गाडी राहील. पुढे काय करायचे ते तू आणि आजी ठरवा. आमची आवड आम्ही त्याच्यावर लादावी, हेही शेवटी जीर्णोद्धारकाचेच पाप.

दिवाळीच्या आधी तो पुन्हा आला. गाडी नव्हती, वही होती. दोनशे पानी, शाळेची. डाव्या पानावर काय काढले आणि कोठे ठेवले, उजव्या पानावर काय नवे बसवले आणि कोठून आणले. मधे मधे फोटो चिकटवलेले. बॉनेटखालचा रंग त्याने बॅटरीमागच्या त्या नखाएवढ्या जागेवरून मिळवून घेतला होता. ती जागा मात्र तशीच, न रंगवता ठेवली होती. मावसभावाचे मन मोडू नये म्हणून प्लगच्या वायरी लाल होत्या. जुन्या काळ्या वायरी वहीच्या हिशेबाप्रमाणे खोका क्रमांक दोनमध्ये. पितळी डबा जागेवर होता. तो घासून चकचकीत करावा असे मेस्त्रीचे म्हणणे पडले, पण आजीने घासू दिला नाही. म्हणाली, ते काळेपण बिजासनच्या घाटातलं आहे. आतून मात्र तिने पुन्हा कल्हई करून घेतली, त्याची नोंद वहीत नव्हती. आम्ही सांगितल्यावर त्याने तिथेच उभ्या उभ्या ती केली.

वहीची एक नक्कल आम्ही मागून घेतली आहे. तीत अठ्ठाविसाव्या पानावर कार्बुरेटरवरच्या एअर फिल्टरपुढे प्रश्नचिन्ह आहे. या वर्षाच्या डिलाइटला कोणता बसत असे, याबद्दल दोन मेस्त्र्यांची दोन मते पडली आहेत, आणि गाडीत सापडला तो तिसराच आहे.